पुण्याहून मुंबईचं विमान गाठायचं तर किती वाजता निघायचं?

‘मुंबईहून रात्री अडीचचं विमान आहे, पुण्यातून किती वाजता निघू?’ हा प्रश्न पाच जणांना विचारला तर कुणी सात सांगेल, कुणी पाच, कुणी म्हणेल दुपारी जेवण झालं की निघाच. ज्याच्या-त्याच्या अनुभवापुरतं प्रत्येकाचं उत्तर खरं असतं. रस्ता तोच, गाडी तशीच, तरी एखाद्या दिवशी तीन तासांत माणूस टर्मिनलवर असतो आणि एखाद्या दिवशी सहा तास होऊनही वाशीतच असतो. विमान चुकतं ते या फरकामुळे. त्यामुळे नेहमी किती वेळ लागतो याला फारसा अर्थ नाही. वाईट दिवशी किती लागेल ते धरायचं आणि विमानाच्या वेळेपासून मागे मोजत यायचं.

एवढा खटाटोप का करावा लागतो, ते आधी थोडक्यात. पुण्याचं विमानतळ लोहगावला आहे आणि तो मुळात हवाई दलाचा तळ आहे. नागरी विमानांना तिथल्या एकाच धावपट्टीवर हवाई दलाच्या सोयीने जागा मिळते. ही धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर आहे. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचावर. उंचीवर आणि उन्हाळ्यात हवा विरळ होते, इंजिन आणि पंख दोन्हींना कमी जोर मिळतो आणि उडायला जास्त धाव लागते. युरोप-अमेरिकेला जाणारं मोठं विमान इंधन, माणसं आणि सामान पूर्ण भरून इथून उडवणं अवघड आहे. जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, त्याने प्रवाशांची दाटी कमी झाली. धावपट्टी मात्र होती तेवढीच राहिली. पुरंदरच्या विमानतळाची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे. तोवर आखातातली आणि आग्नेय आशियातली मोजकी शहरं सोडली तर परदेशी जाणाऱ्या पुणेकराला घाट उतरावाच लागतो.

आधी तिकीट नीट वाचा

‘मुंबई’ एवढंच वाचून गाडी ठरवू नका. मुंबईच्या नावावर आता तीन वेगळी ठिकाणं आहेत. सांताक्रूझ बाजूचं टर्मिनल १, सहारचं टर्मिनल २ आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झालेलं नवी मुंबई विमानतळ. जुन्या विमानतळाचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. तिकिटं शोधताना संकेतस्थळ दोन्ही विमानतळ एकाच यादीत दाखवतं आणि स्वस्त पाहून आपण बटण दाबतो. नवी मुंबईचं तिकीट पुणेकरांच्या सोयीचंच आहे, कारण खाडी ओलांडून मुंबईत शिरावंच लागत नाही. पण नवी मुंबईचं तिकीट असताना सहारला पोचलात तर पुन्हा पस्तीस-चाळीस किलोमीटर उलटं जावं लागेल, आणि तेवढा वेळ हातात उरलेला नसतो.

टर्मिनल १ आणि २ एकाच विमानतळाची असली तरी त्यांची दारं वेगळ्या रस्त्यांवर आहेत. जुन्या विमानतळावरची आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरून सुटतात. देशांतर्गत विमान दोन्हींपैकी कुठूनही असू शकतं आणि कंपन्या अधूनमधून टर्मिनल बदलतात. आदल्या दिवशी आलेला एसएमएस उघडून टर्मिनल पाहा आणि ड्रायव्हरला तोंडी सांगण्याऐवजी नकाशावरचं ठिकाणच पाठवा.

मागून पुढे मोजायचं

तिकिटावर छापलेली वेळ विमान हलण्याची असते. आपल्या कामाची वेळ म्हणजे सामान घेणारा काउंटर बंद होण्याची. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तो बहुतेक कंपन्यांकडे ६० मिनिटं आधी बंद होतो, काहींचा त्याहूनही आधी. वेब चेक-इन केलेलं असलं तरी बॅगा द्यायच्या असतील तर ही वेळ चुकत नाही. रात्री बारा ते पहाटे चार या वेळात टर्मिनल २ वर परदेशी उड्डाणांची गर्दी असते. दारावरची तपासणी, बॅगा, इमिग्रेशन, सुरक्षा अशा चार रांगा लागतात. तीन तास आधी पोचा असं कंपन्या सांगतात ते म्हणूनच.

आता त्याच्या मागचा प्रवास. तो एका आकड्यात धरला की चुकतो. त्याचे चार तुकडे करा: घरापासून एक्स्प्रेसवे जिथे सुरू होतो त्या किवळ्यापर्यंतचं पुणे, एक्स्प्रेसवेचा सपाट भाग, घाट, आणि कळंबोलीपासून टर्मिनलपर्यंतची मुंबई. प्रत्येक तुकडा वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या वेळी बिघडतो.

पुण्याचा तुकडा लोक हिशेबात धरतच नाहीत. कोथरूडहून किवळे वीसेक किलोमीटर. पहाटे पंचवीस मिनिटं, संध्याकाळी सहा वाजता तास. चांदणी चौकापासून वाकडपर्यंत बायपासच्या सेवा रस्त्यावरून चढणारी आणि उतरणारी वाहनं एकमेकांना छेदतात, आणि हिंजवडीच्या ऑफिसांची सुट्टी नेमकी तेव्हाच होते. हडपसर, खराडी, वाघोलीच्या लोकांनी संध्याकाळी फक्त किवळ्यापर्यंत दीड तास धरावा.

सपाट भाग सगळ्यांत भरवशाचा. किवळे ते कळंबोली हा द्रुतगती महामार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. घाट वगळला तर सुमारे पंचाहत्तर किलोमीटर उरतात. मोटारींना इथे ताशी १०० ची मर्यादा आहे, घाटात ६० ची, आणि २०२४ पासून कॅमेरे वेग टिपून थेट ई-चलान पाठवतात. ड्रायव्हरला ‘जरा पळवा’ सांगून काय मिळतं ते मोजून पाहा. ७५ किलोमीटर १०० च्या वेगाने ४५ मिनिटांत होतात, १२० ने साडेसदतीस मिनिटांत. म्हणजे चलान आणि जीव, दोन्ही पणाला लावून वाचली साडेसात मिनिटं. उशीर झाल्यावर वेगाने भरून काढण्याची सोय या रस्त्यावर नाही.

घाटात नेमकं काय होतं

बोरघाट अरुंद आहे म्हणून अडकतो असं सगळे म्हणतात, पण नेमकी अडचण वेगळी आहे. एक्स्प्रेसवेच्या सहा लेन आणि जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या चार लेन घाटाच्या टप्प्यात एकत्र येतात. आडोशी बोगदा ते खंडाळा एक्झिट या पट्ट्यात दहा लेनची वाहतूक सहा लेनमध्ये मावायची असते. सुटीच्या दिवशी नुसत्या मोटारींनीच तो भरून जातो.

त्यात अवजड वाहनं. मुंबईकडून चढणारा भरलेला कंटेनर पंधरा-वीसच्या वेगाने सरकतो. त्याने डावी लेन सोडली नाही तर दोन लेन मोकळ्या राहतात, पण मागचा ट्रेलर त्याला ओलांडायला मधल्या लेनमध्ये येतो, त्याच्या मागचा तिसऱ्या लेनमध्ये, आणि तिन्ही लेन ट्रकच्या चालीने चालू लागतात. इंजिन गरम होऊन किंवा क्लच जळून एक जरी बंद पडला की तो हलवायला क्रेन यावी लागते, आणि क्रेनला यायला वाटही त्याच कोंडीतून काढावी लागते. उतारावर, म्हणजे आपल्या पुणे-मुंबई बाजूला, धोका ब्रेकचा. इंधन वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडून फक्त ब्रेकवर उतरवली की ड्रम तापतात आणि ब्रेक धरत नाहीत. घाटाच्या खालच्या भागात एकामागोमाग अनेक गाड्यांना धडक बसण्याचे अपघात होतात त्यामागे बरेचदा हेच असतं.

सगळ्यांत जास्त वेळ खातो तो वायूचा किंवा रसायनाचा टँकर. तो उलटला आणि गळू लागला तर ठिणगीच्या भीतीने दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवतात. तज्ज्ञांचं पथक येतं, दुसरा रिकामा टँकर आणून त्यात माल उतरवतात, मग क्रेन लागते. यात घाई करताच येत नाही. असा प्रसंग कळला तर वाट पाहू नका, पुण्यातूनच बेत बदला.

तिसरं कारण दरड. २०१५ आणि २०२३ च्या पावसाळ्यांत आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून वाहतूक बंद झाली होती. कडा जाळीने बांधल्यानंतरही सलग दोन-तीन दिवस मुसळधार पडला की तो दिवस घाटासाठी वाईटच धरावा.

घाटाला बगल देण्यासाठी खोपोली ते कुसगाव असा १३.३ किलोमीटरचा ‘मिसिंग लिंक’ आखला गेला. त्याने अंतर सुमारे सहा किलोमीटरने कमी होतं. घाटाच्या तुकड्याचा हिशेब त्यामुळे बदलतो, मुंबईच्या तुकड्याचा नाही.

वारांचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. शनिवारी सकाळी मुंबईकडून चढणारी बाजू भरते, रविवारी संध्याकाळी मुंबईकडे उतरणारी. म्हणजे पुण्याहून विमानाला निघणाऱ्यांना रविवारची रात्र सगळ्यांत जड जाते, आणि परदेशातून शनिवारी पहाटे उतरणाऱ्यांना परतीचा घाट. पावसाळ्यातला शनिवार-रविवार, पंधरा ऑगस्टला जोडून आलेली सुटी, गणपतीला कोकणात निघालेली मुंबई, या दिवशी घाटासाठी दीड तास जास्तीचा धरा. आठवड्याच्या मधल्या दिवशी भर दुपारी, साधारण बारा ते दोन, रस्त्याच्या कामासाठी ब्लॉक घेतात. तो आधी जाहीर होतो. आदल्या संध्याकाळच्या बातम्यांत पाहा.

उर्से टोल नाक्याआधी थांबून घाटाची स्थिती नकाशावर पाहायची. ही शेवटची नीट विचार करण्याची जागा. इथून जुन्या महामार्गावर किंवा तळेगावला वळता येतं. लोणावळ्याचा एक्झिट मागे पडला की पुढे जाण्याखेरीज काही करता येत नाही. जुना महामार्ग हा लोणावळ्यापर्यंतच पर्याय आहे, कारण घाटात तो याच रस्त्याला येऊन मिळतो. ताम्हिणीतून माणगावला उतरून गोवा महामार्गाने पनवेल गाठता येतं, पण विमानतळापर्यंत सहा-सात तास धरावे लागतात, आणि पावसात ताम्हिणीतही दरडी येतात.

कळंबोलीच्या पुढे

घाट उतरला की लोक सुटकेचा श्वास सोडतात आणि इथेच फसतात. कळंबोली ते टर्मिनल २ हे पस्तीस-चाळीस किलोमीटर पहाटे चारला पाऊण तासात होतात, गर्दीच्या वेळी दोन तास घेतात.

नेहमीची वाट अशी: सायन-पनवेल महामार्ग, वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूरचं छेडा नगर, मग सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग. तिथून सहारचा उन्नत रस्ता थेट टर्मिनल २ च्या निर्गमन मजल्यावर नेतो. दुसरी वाट ऐरोली पुलावरून, पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पवईमार्गे. पवई संध्याकाळी तुंबते. दोन्हींपैकी कोणती घ्यायची हे तुर्भ्याच्या आसपास नकाशा पाहून ठरवावं, पुण्यात बसून नाही. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींना टोल माफ आहे, त्यामुळे वाशीच्या नाक्यावर थांबावं लागत नाही. अटल सेतू शिवडीला उतरवतो. दक्षिण मुंबईत जायचं असेल तर तो उत्तम, पण विमानतळासाठी शिवडीहून पुन्हा उत्तरेला यावं लागतं. वाशीचा पूल बंद पडला असेल तेव्हाच त्याचा विचार करावा.

वाशीच्या पुलावर सकाळी मुंबईकडे जाणारी बाजू भरते, संध्याकाळी मुंबईतून बाहेर पडणारी. म्हणून रात्रीच्या विमानासाठी संध्याकाळी येणाऱ्याला पूल तुलनेने सोपा जातो आणि दुपारच्या विमानासाठी सकाळी येणाऱ्याला अवघड. दुपारी साडेबाराचं आंतरराष्ट्रीय विमान असेल तर वाशीचा पूल साडेसातच्या आत ओलांडायचा. त्यासाठी पुणे साडेचार-पाचला सोडावं लागतं.

आता सुरुवातीचं ते अडीचचं विमान. शुक्रवारची रात्र, राहायला कोथरूड. टर्मिनलवर साडेअकराला पोचायचं आहे. मागून मोजा: मुंबई एक तास ४५ मिनिटं, सपाट भाग आणि घाट मिळून सव्वा तास, घाटाची राखीव वेळ एक तास, चहा आणि स्वच्छतागृहासाठी २० मिनिटं, पुणे ४५ मिनिटं. बेरीज पाच तास पाच मिनिटं. म्हणजे सहा वाजून पंचवीस मिनिटांनी निघायचं. पण शुक्रवारी सव्वासहाला चांदणी चौक आणि वाकड दोन्ही शिगोशीग असतात. तिथे पाऊण तासाचे दीड तास होतात आणि राखीव वेळ बराचसा किवळ्यातच संपतो. साडेचारला निघालात तर पुण्याचा तुकडा अर्ध्या तासात होईल. टर्मिनलवर दोन तास आधी पोचलात तर बसायला जागा आहे, खायला आहे. संध्याकाळचे ते दोन तास घरी काढण्यापेक्षा तिथे काढलेले बरे.

गाडी ठरवताना

सीएनजीवर चालणाऱ्या टॅक्सीच्या डिकीत सिलिंडर असतो. तेवीस किलोच्या दोन मोठ्या बॅगा आणि एक हातबॅग त्यात मावत नाहीत. दोघांपेक्षा जास्त माणसं परदेशी निघाली असतील तर वर कॅरिअर आहे का ते आधीच विचारा, आणि पावसाळ्यात ताडपत्री व दोरी. ड्रायव्हरला सांगा की सीएनजी आणि हवा भरूनच घरी या. नाहीतर वाटेत पंपावरच्या रांगेत अर्धा तास जातो आणि तो वेळ कुणीच हिशेबात धरलेला नसतो. फास्टॅगमधली शिल्लक तपासायला सांगा. टॅग चालला नाही तर जास्तीचा टोल पडतो, शिवाय वाद घालण्यात वेळ जातो तो वेगळा. स्टेपनीत हवा आहे का हेही पाहून घ्या.

शेअर कॅब स्वस्त पडते, पण तीत तुमची वेळ इतर प्रवाशांच्या हाती असते. बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा. माझा पिकअप कितवा? सगळ्यांची विमानं साधारण एकाच वेळची आहेत का? आणि आधी कुणाला सोडणार? एखाद्याचं टर्मिनल १ वरचं विमान तुमच्या आधी असेल तर गाडी आधी तिकडे वळेल. एसटीच्या शिवनेरी बसने निघालात तर ती विमानतळावर जात नाही. दादरच्या गाडीतून चेंबूरला मैत्री पार्कला उतरून पुढे टॅक्सी करावी. सामान एका बॅगेपुरतं असेल तरच हे जमतं.

रात्रीच्या गाडीसाठी एक आग्रह धराच. ड्रायव्हर आदल्या रात्री मुंबईला जाऊन आलेला नसावा. फोनवर सरळ विचारा. पहाटे दोन ते पाच या वेळात सरळ, गुळगुळीत रस्त्यावर डोळा लागतो, आणि एक्स्प्रेसवे अगदी तसाच आहे.

रेल्वे आणि मेट्रो

पुणेकरांना अजून फारसा न रुळलेला मार्ग हा आहे. मुंबई मेट्रोची ३ क्रमांकाची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेड ते आरे अशी पूर्ण चालते. तिचं एक स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागून आहे, आणि पुढे टर्मिनल १ व टर्मिनल २ या दोन्हींची स्वतंत्र स्थानकं आहेत. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन घेतली तर साडेदहाच्या सुमारास सीएसएमटी, तिथून मेट्रोने पाऊण तास. सामान घेऊन चालणं धरून साडेअकरा-पावणेबाराला टर्मिनल २. दुपारी तीननंतरच्या विमानाला हा बेत गाडीपेक्षा जास्त भरवशाचा आहे, कारण त्यात चांदणी चौक नाही, वाशी नाही, पवई नाही. टर्मिनल १ चं स्थानक आधी येतं, मग सहार रोड, मग टर्मिनल २. उतरताना घाई करू नका.

मर्यादाही आहेत. मध्यरात्री मेट्रो बंद असते, त्यामुळे पहाटेच्या विमानाला हा मार्ग संध्याकाळच्या गाडीनेच जुळतो. दोन मोठ्या बॅगा एकट्याने फलाटावरून मेट्रोपर्यंत न्यायला दम लागतो. आणि कर्जत-लोणावळा रेल्वेमार्गही त्याच डोंगरातून जातो. मोठ्या पावसात रस्ता आणि रूळ एकाच दिवशी बंद होऊ शकतात.

पुण्यातूनच उडायचं असेल तर

जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल तर लोहगावहून दिल्ली आणि तिथून परदेश हा पर्याय जरूर पाहा. अट एकच, दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर हवीत. तसं असेल तर बॅगा साधारणपणे पुण्यातच शेवटच्या ठिकाणापर्यंत दिल्या जातात आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटं काढली तर ती जबाबदारी तुमची. डिसेंबर-जानेवारीत उलट विचार करा. तेव्हा घाट कोरडा असतो आणि दिल्लीत धुकं असतं.

अडकलातच तर

पोचणं शक्य नाही हे दिसू लागलं की काउंटर बंद होण्याआधी विमान कंपनीला किंवा एजंटला फोन करा आणि तारीख बदलून घ्या. बंद झाल्यावर तुमची नोंद ‘नो शो’ अशी होते. त्याचा दंड मोठा असतो आणि जाण्या-येण्याचं एकच तिकीट असेल तर बहुतेक कंपन्या परतीचं उड्डाणही आपोआप रद्द करतात. हे अनेकांना परतीच्या दिवशी परदेशातल्या काउंटरवर कळतं. फोनवर बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, बदल ईमेलवर मागा. विमान चुकलंच तर भाडं गेलं तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मागता येतं. त्यासाठी अर्ज आपणहून करावा लागतो.